दुखते कोठे आणि दुखण्याचे मूळ कोठे?
(सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त सोलापूर येथे झालेल्या आरोग्यविषयक व्याख्यानाचा मजकूर)



दाढ ठणकली की मनुष्य दंतवैद्याकडे जातो, कपाळ जड झाले की 'सायनस' म्हणून मोकळा होतो आणि डोके दुखू लागले की चष्म्याचा नंबर तपासून घेतो. पुष्कळदा हे अंदाज बरोबरही ठरतात. परंतु दाढ काढली तरी दुखणे राहते, शेजारची दाढ काढली तरी राहते, तेव्हा थांबून एक प्रश्न विचारणे आवश्यक असते. जेथे दुखते, तेथेच दुखण्याचे मूळ आहे काय?

हा घोटाळा होण्याचे कारण शरीराच्या रचनेत आहे. मेंदूशी जोडलेल्या मज्जातंतूंच्या बारा जोड्यांपैकी पाचवी जोडी चेहऱ्याच्या संवेदना वाहून नेते. तिला ट्रायजेमिनल, म्हणजे त्रिशाखी मज्जातंतू म्हणतात. पहिली शाखा कपाळ व डोळ्याकडे, दुसरी गाल व वरच्या जबड्याकडे आणि तिसरी खालच्या जबड्याकडे जाते. दात, हिरड्या, सायनसच्या पोकळ्या, जबड्याचा सांधा, इतकेच नव्हे तर मेंदूवरील आवरणाचा मोठा भाग, या साऱ्यांची वेदना याच वाटेने मेंदूपर्यंत पोहोचते. अनेक घरांची पत्रे एकाच टपालवाल्याने आणावीत आणि पाठविणाऱ्याचा पत्ता पुसट असावा, तशी मेंदूची अवस्था होते.

आपल्या प्राचीन वैद्यांनी ही गुंतागुंत ओळखली होती. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात अकरा शिरोरोग सांगितले आहेत. त्यांत अर्धे डोके व्यापणारा अर्धावभेदक आहे, सूर्याबरोबर चढणारा व उतरणारा सूर्यावर्त आहे आणि अनंतवातही आहे. वेदना कोणत्या बाजूस आहे, केव्हा वाढते, कशाने शमते, यावरून त्यांनी भेद केले. आज यंत्रे आली, तरी निदानाचा पाया हाच आहे.

अलीकडच्या काळातील एक सर्वश्रुत उदाहरण मुंबईतील अभिनेते सलमान खान यांचे आहे. आपल्याला ट्रायजेमिनल न्यूराल्जिया असल्याचे त्यांनी २०११ मध्ये जाहीरपणे सांगितले आणि त्याच वर्षी अमेरिकेत जाऊन उपचार घेतले. २०२५ मध्ये एका मुलाखतीत त्यांनी सांगितले, की २००७ च्या 'पार्टनर' चित्रपटाच्या काळात सहअभिनेत्रीने चेहऱ्यावरचा एक केस बाजूला केला आणि तेवढ्याने कळ उठली. प्रारंभी हे दुखणे दातांचे असावे असे वाटले होते, आणि ते त्यांना सात वर्षांहून अधिक काळ सोसावे लागले. साधनसंपत्ती हाताशी असलेल्या व्यक्तीची ही कथा, तर सामान्य कुटुंबातील रुग्णाने एकामागून एक दात गमावले तर नवल ते काय?

या विकाराची लक्षणे मात्र विलक्षण स्पष्ट असतात. चेहऱ्याच्या एकाच बाजूस विजेचा झटका बसावा तशी कळ येते. ती काही क्षण, फार तर दोन मिनिटे टिकते आणि पुनःपुन्हा येते. दात घासणे, दाढी करणे, घास चावणे, बोलणे, गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांतील गार वाऱ्याची झुळूक लागणे, एवढे निमित्त तिला पुरते. पन्नाशीनंतर आणि स्त्रियांमध्ये ती अधिक आढळते. अमेरिकन शल्यविशारद वॉल्टर डँडी यांनी १९३४ मध्ये मांडले, की मेंदूजवळ या मज्जातंतूच्या मुळाशी रक्तवाहिनीचा दाब पडतो. पुढे १९६० च्या दशकात पीटर जॅनेटा यांनी सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने तो दाब दूर करण्याची शस्त्रक्रिया विकसित केली. क्वचित गाठ किंवा मज्जातंतूंचा अन्य विकारही कारण असतो, म्हणून एम.आर.आय. तपासणी करतात. कार्बामाझेपिन या गोळीने बहुसंख्य रुग्णांना आराम पडतो. मात्र ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावी आणि अंगावर पुरळ उठल्यास तत्काळ कळवावे.

दुसरा मोठा गैरसमज 'सायनस'चा. २००४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, आपल्याला सायनसची डोकेदुखी आहे असे समजणाऱ्या २,९९१ जणांची पाहणी झाली. त्यांपैकी ८८ टक्के लोकांची लक्षणे अर्धशिशीची निघाली. अर्धशिशीतही नाक वाहते, गाल जड होतो. परंतु मळमळ, उजेड व आवाज सहन न होणे आणि चार तासांपासून तीन दिवसांपर्यंत चालणारा ठणका ही तिची खूण आहे. सोलापूरचे वैशाखातील ऊन, जागरण, चुकलेले जेवण व कमी पाणी यांमुळे ती उसळते. उलट वरच्या दाढांची मुळे गालातील सायनसच्या तळाशी लागून असल्याने किडलेल्या दाढेमुळे खराखुरा सायनसही होऊ शकतो. म्हणून दातांची तपासणी टाळू नये, पण एक्स-रेत दोष दिसल्यावाचून दात काढण्याचा आग्रहही धरू नये.

कानापुढे दुखत असेल, तोंड उघडताना कट्‌कन आवाज येत असेल, तर जबड्याचा सांधा पाहावा. झोपेत दात खाण्याची सवय, मानसिक ताण, सतत सुपारी चघळणे यांनी तो शिणतो. अशा रुग्णाने आपली आवडती कडक भाकरी काही दिवस आमटीत कुस्करूनच खाल्लेली बरी!

आणखी एक कारण तर घरच्या डब्यातच असते. महिन्यातून पंधरा किंवा अधिक दिवस साध्या वेदनाशामक गोळ्या तीन महिन्यांहून अधिक काळ घेतल्या, तर त्या गोळ्यांमुळेच डोके दुखू लागते. मिश्र गोळ्यांच्या बाबतीत महिन्यातून दहा दिवसही पुरतात.

काही लक्षणांत मात्र एक दिवसही दवडू नये. अचानक आलेली, आयुष्यातील सर्वांत तीव्र डोकेदुखी; ताप व मान आखडणे; हातपाय लुळे पडणे किंवा बोलणे अडखळणे; डोळा लाल होऊन अंधुक दिसणे व उलट्या; पन्नाशीनंतर प्रथमच कानशील दुखू लागणे आणि चावताना जबडा भरून येणे. शेवटच्या विकारात वेळीच उपचार न झाल्यास दृष्टी जाऊ शकते.

आता कारणशोध कसा करावा? एक वही करावी. वेदना कोठे सुरू झाली, किती वेळ टिकली, झटक्याची की ठणक्याची, कशाने उठली, कोणती गोळी घेतली, हे महिनाभर लिहावे. ती वही दंतवैद्य, कान-नाक-घसातज्ज्ञ व मज्जातंतुविकारतज्ज्ञ या सर्वांना दाखवावी. पर्युषणात उपवास करणाऱ्या रुग्णांनी आधी डॉक्टरांशी बोलून औषधांच्या वेळा ठरवून घ्याव्यात, कारण कळांवरील गोळी अचानक थांबविणे अपायकारक ठरते.

एक गोष्ट घरच्या मंडळींसाठी. या वेदनेचा व्रण दिसत नाही, सूज दिसत नाही, आणि तपासण्या पुष्कळदा निर्दोष येतात. म्हणून 'मनाचे खेळ आहेत' असे म्हणून रुग्णाला एकाकी पाडले जाते. मोठमोठी माणसे या वेदनेने जीवनाला कंटाळतात. तिच्यावर विश्वास ठेवणे हे उपचाराचे पहिले पाऊल आहे. कारण सापडेपर्यंत शोध थांबवू नये, आणि तोवर रुग्णाचा हात सोडू नये, एवढीच सर्वांना विनंती.