परक्या गावातील मुले
(नभोवाणीवरून केलेल्या भाषणाचा मजकूर)

आमच्या पलसाण्याच्या चौफुलीवर, जिला इकडे चोकडी म्हणतात, दोन मोठे रस्ते एकमेकांस छेदतात. एक मुंबईहून अहमदाबादेस जातो. दुसरा हजिऱ्याहून धुळ्याकडे. या दुसऱ्या रस्त्याने आणि तापीच्या खोऱ्यातील लोहमार्गाने कित्येक पिढ्या खानदेशची माणसे सुरतेकडे येत आली आहेत. कोणी मागावर बारा बारा तासांची पाळी करतो, कोणी कापड रंगविण्याच्या गिरणीत खपतो. पावसाळा सरला की नंदुरबार-धुळ्याकडील आणि डांगातील कुटुंबे बारडोली-चलथाणच्या साखर कारखान्यांसाठी ऊस तोडावयास येतात आणि उन्हाळ्यात परत जातात. ऊस तोडणाऱ्या नवराबायकोच्या जोडीस 'कोयता' असे म्हणतात. जेथे माणसांची गणतीच हत्याराच्या नावाने होते, तेथे त्या कोयत्याबरोबर आलेल्या मुलाची गणती कोणी करावी?

या मुलांच्या पोटापाण्याविषयी आणि शिक्षणाविषयी पुष्कळ बोलले गेले आहे. त्यांच्या मनाविषयी मात्र आपण फारसे बोलत नाही. ज्या गावात आपण वाढतो ते गाव आपल्याला आपले म्हणते की नाही, हा प्रश्न चौदा-पंधरा वर्षांच्या मनाला किती खोल जाऊन भिडतो, याविषयी आज मला आपल्याशी दोन शब्द बोलावयाचे आहेत. मी मानसशास्त्राचा पंडित नव्हे. मी एक साधा शिक्षक आहे. आणि जे सांगणार आहे, त्याचा आरंभ माझ्याच एका चुकीपासून होतो.

काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गात अर्ध्या सत्रात एक मुलगा आला. वडील रंगाच्या गिरणीत, आई घरकामाला. घरची बोली अहिराणी. पहिल्याच दिवशी तो उठून म्हणाला, "सर, हे मनं पुस्तक." वर्ग हसला. मी म्हणालो, "'मनं' नव्हे, 'माझे' म्हण." त्यात मला काही वावगे वाटले नाही; भाषा शुद्ध करणे हे तर माझे कामच! पुढे आठवडाभर मी त्यास असाच दुरुस्त करीत राहिलो आणि वर्ग तसाच हसत राहिला. मग तो बोलेनासा झाला. शेवटच्या बाकावर गप्प बसू लागला. मी हजेरीपुस्तकाशेजारच्या वहीत त्याच्या नावापुढे शेरा लिहिला : 'वर्तन उत्तम.'

श्रोतेहो, त्या शेऱ्याची मला आजही लाज वाटते. एक मूल आतल्या आत मिटत चालले होते आणि मी त्यास शिस्त समजत होतो.

पुढे त्याच्या गैरहजेऱ्या वाढल्या. एके दिवशी दुपारी तो मला चलथाणच्या स्टेशनावर एकटाच बसलेला आढळला. नंदुरबारकडे जाणाऱ्या गाड्या पाहावयास येतो, असे म्हणाला. मी शेजारी बसलो. बराच वेळ गेल्यावर तो हळूच म्हणाला, "सर, मी नसलो तरी कुणाच्या ध्यानात येणार नाही." माझ्या अंगावर काटा आला. मी त्यास सरळ विचारले, "जीव द्यावासा वाटतो का रे?" तो एकदम रडू लागला. त्या दिवशी मी त्यास घरी पोहोचविले, त्याच्या आईवडिलांशी बोललो आणि दुसऱ्या दिवशी आम्ही त्यास डॉक्टरांकडे नेले.

पुष्कळांचा असा समज असतो की, असे विचारल्याने भलताच विचार मुलाच्या डोक्यात शिरेल. तो समज खरा नाही. सरळ आणि मायेने विचारल्याने मनावरचे ओझे हलके होते, असेच या विषयातील जाणकार सांगतात.

आता कोणी म्हणेल, ही एका हळव्या मुलाची गोष्ट झाली. तसे नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे दहा ते एकोणीस वर्षे वयाच्या दर सात मुलामुलींपैकी एकास कोणता ना कोणता मानसिक विकार असतो. याच संघटनेच्या एका आयोगाने 2025 साली जो अहवाल प्रसिद्ध केला, त्यात जगातील दर सहा माणसांपैकी एक माणूस एकाकीपणाने ग्रासलेला आहे असे म्हटले असून, तरुणांत हे प्रमाण अधिक असल्याचे नमूद केले आहे.

येथे एकांत आणि एकाकीपणा यांत भेद केला पाहिजे. एकांत मनुष्य स्वतः निवडतो. कवी, साधक, अभ्यासू विद्यार्थी यांस तो हवाच असतो. एकाकीपणा मात्र इतरांच्या गर्दीतही वाट्यास येतो. चाळीस मुलांच्या वर्गात एखादे मूल एकटे असू शकते. आणि हातातल्या मोबाइलवर शेकडो 'मित्र' असलेला तरुण रात्री दोन वाजता जागा असतो, तेव्हा त्यापैकी एकासही हाक मारण्याचा धीर त्यास होत नाही.

मग अशा मुलाने करावे काय? आपली बोली टाकून द्यावी, आपल्या गावाचे नाव लपवावे आणि इतरांसारखे व्हावे? पुष्कळ मुले हाच मार्ग धरतात. सोबत्यांनी आपल्यात घ्यावे म्हणून कोणी गुटख्याची पुडी फोडतो, कोणी टोळक्यात शिरून स्वतःच्याच आईच्या बोलीची टिंगल करतो. हा आपलेपणा उसना असतो, आणि त्याचे व्याज जबर असते.

याविषयी एक मोठी पाहणी झाली आहे. जॉन बेरी आणि त्यांचे सहकारी यांनी तेरा देशांतील स्थलांतरित कुटुंबांच्या किशोरवयीन मुलांचा अभ्यास करून 2006 साली ग्रंथ प्रसिद्ध केला. ज्या मुलांनी घरची भाषा व रीतही राखली आणि नव्या देशाशीही नाते जोडले, ती मुले सर्वांत चांगली रुळली, असे त्यांस आढळले. ज्यांना दोहोंपैकी कोणतेच आपले वाटत नव्हते, त्यांचे हाल झाले. म्हणजे आमच्या मुलाने अहिराणीही बोलावी, मराठीही लिहावी आणि गुजरातीत मित्रही जोडावे. एका झाडाला दोन मुळे असली तर ते अधिकच घट्ट उभे राहते.

हे मी स्वानुभवानेही सांगू शकतो. मी मराठी असून ख्रिस्ती आहे. गुजरातेत मला कोणी मराठी म्हणून परका धरतो, तर एखाद्या मराठी घरात "तुम्ही ख्रिस्ती, मग मराठी इतके चांगले कसे?" असे नवलाने विचारतात. विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसते. परंतु दाराशी उभे करून केलेली ती चौकशी असते. 'आत या' असे ते म्हणणे नव्हे. चाळिशी उलटल्यावर मी हसून उत्तर देतो. चौदाव्या वर्षी मात्र मी हसलो नव्हतो.

उपाय फार खर्चाचे नाहीत. अमेरिकेतील वॉल्टन आणि कोहेन या दोन संशोधकांनी 2011 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. महाविद्यालयात नव्याने आलेल्या विद्यार्थ्यांस त्यांनी सुमारे तासभर एवढेच समजावून दिले की, प्रारंभी परके वाटणे हे सर्वांच्याच वाट्यास येते आणि ते कालांतराने सरते. एवढ्याने कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे गुण पुढील तीन वर्षांत वाढले, इतकेच नव्हे तर त्यांचे आरोग्यही सुधारले. 'हे तुझ्या एकट्याचे नव्हे,' या वाक्यात एवढे बळ आहे!

माझ्या वर्गातही आम्ही एक लहानसा उपक्रम आरंभिला. आठवड्यातून एक तास प्रत्येकाने आपल्या घरच्या बोलीतील दहा शब्द फळ्यावर लिहावयाचे आणि इतरांनी ते शिकावयाचे. त्या मुलाची पाळी आली, तेव्हा त्याने पहिला शब्द लिहिला : 'मनं.' या वेळी वर्ग हसला नाही. वर्गाने तो मोठ्याने म्हटला. मी एवढ्याने तो बरा झाला असे म्हणणार नाही. औषधोपचार झाले, अवघड दिवसही आले. परंतु तो पुन्हा बोलू लागला, आणि दहावी उत्तीर्ण झाला.

पालकांना माझी विनंती आहे. मूल एकाएकी गप्प झाले, जेवण-झोप बिघडली, आवडत्या खेळातून मन उडाले, आवडीच्या वस्तू वाटून टाकू लागले, तर 'वयच तसे आहे' म्हणून सोडून देऊ नका. रागावू नका, उपदेशही करू नका. जवळ बसा आणि ऐका. डॉक्टरांकडे जाण्यात कमीपणा नाही. केंद्र सरकारने 2022 च्या ऑक्टोबरात 'टेलि-मानस' ही दूरध्वनी सेवा सुरू केली आहे. 14416 या क्रमांकावर रात्रंदिवस विनामूल्य बोलता येते, आणि मराठीत व गुजरातीतही बोलता येते.

शेजाऱ्यांनाही एक सांगावेसे वाटते. आपल्या गल्लीत नवे बिऱ्हाड येईल, तेव्हा 'कुठले तुम्ही?' हा प्रश्न जरूर विचारा. पण उत्तर मिळाल्यावर तेथेच थांबू नका. त्यांच्या मुलाचे नाव विचारा, आणि दुसऱ्या दिवशी त्याच नावाने त्याला हाक मारा.

शाळेत मी आजही रोज हजेरी घेतो. पूर्वी 'हजर' हा शब्द ऐकला की मी पुढच्या नावाकडे वळत असे. आता नाव घेतल्यावर मान वर करून त्या मुलाच्या चेहऱ्याकडे पाहतो. त्याने हजेरीस दोन मिनिटे अधिक लागतात, एवढेच.