साथीचा माग आणि शाळेचे हजेरीपत्रक



गावात पुरळाची साथ आली म्हणजे लोक कधी हवेला, कधी पाण्याला, तर कधी दैवाला बोल लावतात. साथीचे खरे कारण मात्र घरोघर चौकशी करून आणि तारखा ताडून पाहिल्यानेच हाती लागते. फेरो बेटांचा इतिहास याची उत्तम साक्ष देतो.

डेन्मार्कच्या राज्यातील या बेटांवर १८४६ साली गोवराची साथ उसळली. सुमारे ७,८०० लोकवस्तीपैकी ६,०००हून अधिक लोक आजारी पडले. सरकारने पीटर पानुम या तरुण डॉक्टरास तेथे धाडले. रोग्याशी संबंध केव्हा आला व पुरळ केव्हा उठले, याची टिपणे त्याने गावोगाव हिंडून केली. एका गावचे दहा पुरुष ४ जून रोजी दुसऱ्या गावी देवमाशांच्या शिकारीस गेले होते. १८ जून रोजी त्या दहाही जणांच्या अंगावर पुरळ उठले. अशा नोंदींवरून रोग माणसाकडून माणसाकडे जातो व पुरळ उठण्यास १३-१४ दिवस लागतात, हे त्याने दाखविले. १७८१ च्या साथीत ज्यांना गोवर येऊन गेला होता, त्या वृद्धांना ६५ वर्षांनंतरही पुन्हा बाधा झाली नाही, हेही त्याला आढळले.

रुबेला हा गोवराहून निराळ्या विषाणूचा रोग. त्याचे पुरळ संसर्गानंतर साधारणतः १४ ते २१ दिवसांनी उठते. बारीक ताप, फिकट पुरळ, कानामागे गाठी. मूल चार दिवसांत खेळू लागते. कित्येकांत तर कोणतेच लक्षण दिसत नाही, म्हणून त्याचा माग अधिक कठीण. पण या सौम्य रोगाचा घाव पडतो तो गर्भावर. ऑस्ट्रेलियातील नेत्रवैद्य नॉर्मन ग्रेग यांनी १९४१ साली जन्मतः मोतीबिंदू असलेल्या अर्भकांच्या मातांची विचारपूस केली, तेव्हा बहुतेकींना गर्भारपणाच्या आरंभी रुबेला झाल्याचे उघडकीस आले. बहिरेपणा व हृदयदोषही याच कारणाने संभवतात.

यास्तव हजेरीपत्रक हे साथीच्या शोधाचे पहिले साधन होय. मूल गैरहजर राहिल्यास कारण विचारावे. पुरळ उठल्याची तारीख, शेजारी बसणारी मुले, आणि मागील तीन आठवड्यांतील लग्न, जत्रा वा परगावचे पाहुणे यांची नोंद ठेवावी व प्राथमिक आरोग्य केंद्रास त्वरित कळवावे. गोवर की रुबेला, हे नुसत्या डोळ्यांनी ठरवू नये. त्यासाठी रक्ततपासणी लागते. पुरळ उठल्यापासून सात दिवस मुलास घरी ठेवावे. घरात वा शाळेत कोणी गरोदर असल्यास तिने डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

गोवर-रुबेला लस मुलास नवव्या महिन्यानंतर व पुन्हा दीड वर्षाच्या सुमारास मिळते. ती कोणाची राहिली आहे, हे शिक्षकाने पालकांस विचारावे. वर्गातील एका नोंदीने न जन्मलेल्या बाळाची दृष्टी वाचू शकते.