खुब्याची दुसरी शस्त्रक्रिया आणि अस्थिरोपण



मी वैद्य नव्हे. कलाशाखेचा पदवीधर आणि सरकारी नोकर आहे. वाचून व जाणकारांना विचारून जे उमगले तेवढेच आपणांपुढे ठेवतो. आपल्यापैकी अनेकांच्या घरी खुब्याचा कृत्रिम सांधा बसविलेली वडीलधारी मंडळी आहेत, आणि सांधा बदलला की चिंता कायमची मिटली, असा समज सर्वत्र आढळतो.

इंग्लंडमध्ये सर जॉन चार्न्ली यांनी १९६२ च्या सुमारास धातूचा गोळा व प्लास्टिकची वाटी असा सांधा यशस्वी केला. असे सांधे बहुधा पंधरा-वीस वर्षे किंवा त्याहूनही अधिक काळ उत्तम चालतात. परंतु घर्षणाने प्लास्टिकचे अतिसूक्ष्म कण सुटतात. त्यांना गिळावयास धावलेल्या पेशींमुळे सांध्याभोवतीचे हाडच झिजू लागते. ही झीज पुष्कळदा वेदनेवाचून होते, हे विशेष ध्यानात घ्यावे. दुखू लागते तेव्हा बरेच हाड गेलेले असते. मग नवा सांधा बसवावा कशात? भुगा झालेल्या भिंतीत खुंटी ठरत नाही.

येथे अस्थिरोपण उपयोगी पडते. रोग्याच्याच कमरेचे हाड उत्तम खरे, पण ते मिळणार किती? म्हणून दुसऱ्या कुणाच्या पहिल्या शस्त्रक्रियेत काढलेला मांडीच्या हाडाचा गोल माथा, तपासण्या करून, उणे सत्तर अंशांखाली गोठवून ठेवतात. हॉलंडमधील नायमेखन येथील डॉ. स्लूफ यांनी वाटीच्या पोकळीत अशा हाडाचे तुकडे ठोकून घट्ट बसविण्याची पद्धत १९८४ साली प्रसिद्ध केली. एक्सेटरच्या शल्यविशारदांनी मांडीच्या हाडासाठी तीच १९९३ मध्ये मांडली. सारे मर्म त्या ठोकण्यात आहे. तुकडे सैल राहिले तर सांधा खचतो.

'परक्याचे हाड अंगी लागेल काय?' असे आपल्याकडील वृद्ध विचारतात, आणि प्रश्न रास्त आहे. ते हाड जिवंत नसते. ती केवळ परांची. रोग्याच्या रक्तवाहिन्या व पेशी तिच्यात शिरून हळूहळू स्वतःचे हाड रचतात. म्हणून मूत्रपिंडारोपणाप्रमाणे जन्मभर औषधे घ्यावी लागत नाहीत. मात्र त्या जागी जंतुसंसर्ग असेल तर आधी तो निपटला पाहिजे. पोकळी फार मोठी असल्यास हल्ली सच्छिद्र धातूचे तुकडेही वापरतात. शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे पायावर पूर्ण भार देता येत नाही, हे घरच्यांनी आधीच जाणून घ्यावे.

आपण बदलीवर फिरणारी माणसे. शस्त्रक्रिया एका गावी, तपासणी दुसऱ्या गावी! तेव्हा दुखत नसले तरी डॉक्टर सांगतील त्या मुदतीने क्ष-किरण चित्र काढावे, आणि जुनी चित्रे व सांध्याची बनावट आणि माप लिहिलेला कागद सामानाच्या पेटीत न टाकता हाताशी ठेवावा. जुन्या चित्राशी ताडून पाहिल्यावाचून झीज किती झाली हे कळणे कठीण. (आम्हा कारकुनी पेशाच्या लोकांना फाइलचे महत्त्व सांगणे नको.)

मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात १९८८ पासून ऊतिपेढी आहे. तेथे गॅमा किरणांनी हाडे निर्जंतुक करतात. अवयवरोपणाच्या कायद्यात २०११ च्या दुरुस्तीने ऊतींचाही समावेश झाला. आपल्या घरी कुणाची पहिली शस्त्रक्रिया ठरली असेल, तर काढलेला माथा पेढीसाठी घेता का, असे रुग्णालयाला आधी विचारावे. त्यासाठी रोग्याची लेखी संमती आणि रक्ताच्या काही तपासण्या लागतात. संमती नसेल तर तो माथा टाकूनच दिला जातो.