घेवड्याच्या गुणसूत्रांवरचे ठिपके
(स्वागताध्यक्षीय भाषण)



 शेंगवर्गीय पिकांच्या गुणसूत्रांवरची परिषद भरवायला सातारा जिल्हा अगदी योग्य आहे. इथल्या कोरेगाव तालुक्यातल्या वाघ्या घेवड्याला भौगोलिक मानांकन मिळालं आहे. त्याचं मूळ कूळ मात्र अमेरिका खंडातलं. तिथं ही प्रजाती दोनदा लागवडीखाली आली. एकदा मेक्सिकोकडे, एकदा अँडीज पर्वतात.

घेवड्याची गुणसूत्रं 22, म्हणजे 11 जोड्या. सगळी बारकी आणि दिसायला सारखीच, त्यामुळे साध्या रंगानं ती वेगळी ओळखणं कठीण. इथं रायबोसोमची जनुकं कामाला येतात. त्यांच्या प्रती एकापाठोपाठ एक अशा लांब रांगेत असतात; प्रोब, म्हणजे त्यांना जुळणारा डीएनएचा चमकणारा तुकडा, तिथं चिकटला की ठिपका ठळक उमटतो. वनस्पतींमध्ये ही जनुकं इतकी टिकून राहिली आहेत, की गव्हाच्या डीएनएपासून केलेला प्रोब घेवड्यावरही चालतो.

ब्राझीलच्या आंद्रेआ पेद्रोसा-हारांड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2006 साली जे दाखवलं, ते मला आजही थक्क करतं. रायबोसोमच्या जनुकांचे दोन गट, 5एस आणि 45एस. 5एस जनुकांची ठाणी, म्हणजे गुणसूत्रांवरच्या जागा, सगळ्या वाणांत दोनच. 45एस जनुकांची ठाणी मात्र अँडीजच्या घेवड्यात मेक्सिकोकडच्या वाणांपेक्षा कितीतरी जास्त. एकाच प्रजातीत एवढी उलथापालथ!

विद्यार्थी विचारतात, घेवड्याचा जनुकसंच 2014 सालीच प्रसिद्ध झाला, मग आता स्लाइड कशाला? कारण एकसारख्या प्रतींची लांब रांग तुकड्यांतून जुळवताना संगणक हमखास अडखळतो. ती रांग कोणत्या गुणसूत्रावर, कुठे आहे, हे स्लाइडवर थेट दिसतं. हे कौशल्य आपल्या महाविद्यालयांतून हरवू नये, एवढीच माझी कळकळ आहे.

म्हणून उद्या सकाळच्या प्रयोगशाळेतल्या सरावासाठी वाघ्याचंच बी घेतलं आहे. मोड आलेल्या मुळाचं टोक 45 टक्के अॅसेटिक आम्लाच्या थेंबात ठेवायचं, वर काचेची चकती, आणि अंगठ्याचा सरळ दाब. चकती तसूभरही सरकता कामा नये. सरकली की गुणसूत्रं गुंडाळली जातात. नवख्यांनी पुढच्या टेबलांवर बसावं, शेतकरी मंडळींनीही जरूर यावं. दुपारनंतर कोरेगावच्या शिवारात जायचं आहे.

आता अध्यक्षांना परिषदेची सूत्रं हाती घेण्याची विनंती करतो.