मनाची जखम आणि विश्वासाचे औषध
(वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



एखादे बोलणे ‘जिव्हारी लागले’ असे आपण म्हणतो. हा नुसता भाषेचा अलंकार नव्हे. अमेरिकेत 2003 साली काही तरुणांना संगणकावर चेंडूफेकीचा खेळ खेळावयास दिला आणि मध्येच त्यांना वगळले. त्या वेळी शारीरिक वेदनेच्या पीडेशी निगडित असलेला मेंदूचा एक भाग अधिक सक्रिय झालेला दिसला. दोन्ही वेदना सर्वस्वी एक नाहीत, हे पुढील संशोधनाने दाखविले. पण त्यांचे नाते आहे.

आता औषधाकडे वळू. ज्यात औषधी द्रव्य नाही, पण रोग्याचा विश्वास आहे, त्यास ‘प्लासिबो’ म्हणतात. 1978 साली अक्कलदाढ काढलेल्या रोग्यांवर प्रयोग झाला. प्लासिबोने ज्यांचे दुखणे उतरले होते, त्यांना मॉर्फीनचा परिणाम रोखणारे नॅलोक्सोन देताच ते पुन्हा वाढले. म्हणजे विश्वासाने शरीर स्वतःचेच वेदनाशामक निर्माण करते.

मनाच्या वेदनेचे काय? 2017 साली कोलोरॅडो येथील संशोधकांनी नुकताच प्रेमभंग झालेल्या 40 जणांना नाकात फवारण्यास मिठाचे पाणी दिले. निम्म्यांना सांगितले, ‘हे मनाचे दुःख कमी करणारे औषध आहे’. उरलेल्यांना खरे ते सांगितले. दुरावलेल्या व्यक्तीचे छायाचित्र पाहताना पहिल्या गटाला दुःख कमी जाणवले.

मात्र येथे सावध राहावे. विश्वासाने वेदना हलकी होते. क्षयाचे जंतू मरत नाहीत. औषध सोडून गंडवणाऱ्याच्या नादी लागू नका. शिवाय, खोटे बोललेच पाहिजे असेही नाही. 2010 साली आतड्याच्या विकाराच्या 80 रोग्यांपैकी एका गटास ‘या गोळीत औषध नाही’ असे स्पष्ट सांगून गोळ्या दिल्या. तरीही गोळ्या न घेणाऱ्यांपेक्षा त्यांना अधिक आराम वाटला.

पालकहो, निकालाच्या दिवशी नापास झालेला मुलगा घरी येतो, खेळातून वगळलेली मुलगी कोपऱ्यात बसते. ‘तुझ्याच्याने काही होणार नाही’ हे वाक्य त्या जखमेवर मीठ चोळते. खोटी स्तुती करू नका. ‘गणितात कमी पडलास, उद्यापासून आपण रोज बसू’ एवढे म्हणा, आणि खरोखर बसा. शब्दामागे कृती असली तरच मूल विश्वास ठेवते. आणि विश्वासाचे बळ किती, हे आपण आताच पाहिले.