अंगणातील वृक्ष आणि कायदा

अंगण मालकाचे, म्हणून त्यातील झाडही सर्वस्वी त्याचेच, असे कायदा मानत नाही. ‘महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५’ अन्वये खासगी जागेतील वृक्षही वृक्ष प्राधिकरणाच्या पूर्वपरवानगीविना तोडता येत नाही. अर्ज आल्यास झाडावर सूचना लावून आणि वृत्तपत्रांत जाहिरात देऊन हरकती मागवाव्या लागतात. २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षे वा अधिक वयाच्या झाडांस वारसा वृक्षाचा दर्जा दिला; तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी झाडे लावण्याचे बंधनही घातले. ६० वर्षांच्या वृक्षाबद्दल ६० रोपे! तथापि त्यांची तशी सावली पडण्यास पुन्हा एक पिढी जावी लागते. म्हणूनच बुंध्यावरील सूचना वाचून मुदतीत लेखी हरकत नोंदविणारा शेजारी हाच वृक्षाचा खरा रक्षक होय.