ऑईल कोण बदलतं?

(कार्यकर्त्या मैत्रिणींच्या निवासी शिबिरात केलेल्या भाषणाचं हे शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



कायदा, पोटगी, घरातली हिंसा यावर दोन दिवस बोलल्यानंतर आज फळ्यावर ‘इंजिन ऑईल’ लिहिलेलं पाहून काही जणी हसल्या. हसायला हरकत नाही. पण मघाशी आपण हात वर केले तेव्हा काय दिसलं? गाडी चालवणाऱ्या तीसेक जणी. स्वतःच्या हाताने ऑईल बदललेल्या दोन. आणि ‘गाडी सर्व्हिसिंगला कोण नेतं?’ या प्रश्नावर नवरा, भाऊ, मुलगा, संस्थेतले दादा अशी उत्तरं आली.

मला या उत्तरांबद्दल बोलायचं आहे. गाडी आपली, हप्ता आपण भरतो, लायसन्स आपल्या नावाचं. पण गाडी आज रस्त्यावर येण्याच्या स्थितीत आहे की नाही, हे दुसराच कोणी सांगतो. आमच्या भागातली एक अंगणवाडी ताई बैठकीला येईनाशी झाली. विचारलं तर म्हणाली, ‘हे म्हणतात ऑईल संपलंय, चालवलीस तर इंजिन बसेल.’ तीन आठवडे गाडी पडवीत उभी. शेवटी दुसऱ्या एका मैत्रिणीने जाऊन ऑईलची पट्टी काढून बघितली. ऑईल होतं, खुणेपर्यंत होतं. नवऱ्याने तिला मारलं नाही, कोंडलं नाही, किल्लीही काढून घेतली नाही. फक्त एक वाक्य म्हटलं, आणि ते खोटं आहे हे कळायचा तिच्याकडे काही मार्ग नव्हता. दोन मिनिटांचं ज्ञान, पण ते नसल्यामुळे बाई घरी बसली.

आता एक आक्षेप, आणि तो मला पूर्ण मान्य आहे. ‘एवढंच एक काम राहिलं होतं का आमच्या डोक्यावर? पाणी आम्ही भरायचं, भाकऱ्या आम्ही करायच्या, मीटिंगा आम्ही घ्यायच्या, आता गाडीखालीही आम्हीच झोपायचं?’ नाही. दर वेळी तुम्हीच करा असं मी म्हणत नाही. ज्या दिवशी तुम्ही ऑईल बदलाल त्या दिवशी भांडी दुसऱ्या कोणी घासावीत, हे आधी ठरवून घ्या. पण दोनदा तरी स्वतःच्या हाताने करा. म्हणजे पुढे गॅरेजमध्ये उभ्या राहाल तेव्हा काय चाललंय ते कळेल. एका गॅरेजमध्ये माझ्याच गाडीत नुसतं वरून थोडं ऑईल ओतून बदलल्याचे पैसे लावले होते. आता मी सांगते, जुनं ऑईल काढलेलं दाखवा आणि नव्या डब्याचं सील माझ्यासमोर फोडा. दोन वाक्यं पुरतात.

हे ज्ञान आपल्याकडे का आलं नाही, याला एक छोटा इतिहासही आहे. आपल्याकडे असंख्य बायकांची पहिली गाडी लूना, १९७२ पासूनची. त्या टू-स्ट्रोक गाड्यांचं ऑईल पेट्रोलबरोबर जळून जायचं. पंपावर ‘टू-टी मारा’ म्हटलं की झालं, इंजिनातून काढायचं काही नसायचं. पुरुषांच्या हातात मात्र १९८५ च्या सीडी १०० पासून फोर-स्ट्रोक मोटारसायकली येत गेल्या. २००१ साली अ‍ॅक्टिवा आली आणि बायकांच्या गाड्याही फोर-स्ट्रोक होत गेल्या. फोर-स्ट्रोकमध्ये ऑईल जळून जात नाही. ते इंजिनाच्या तळाशी, ज्याला मिस्त्री चेंबर म्हणतात तिथे राहतं, तिथून फिरतं. भाग घासू देत नाही, उष्णता वाहून नेतं, काजळी आणि झिजलेल्या धातूची भुकटी स्वतःत सामावून घेतं. म्हणून ते काळं होतं आणि म्हणून ते काढून टाकावं लागतं. गाडी बदलली, पण माहिती आपल्यापर्यंत कोणी पोचवली नाही. (इलेक्ट्रिक स्कूटरवाल्यांनो, तुमच्या गाडीला इंजिनच नाही. तुम्ही पुढच्या भागासाठी बसून राहा.)

बाहेर आपण शंभर सीसीची मोटारसायकल उभी केली आहे, त्यावर बोलते. लागतं काय? बोल्टच्या मापाचा रिंग पाना. या गाडीला १७ नंबरचा लागतो, तुमच्या गाडीला आधी लावून बघा. एक पसरट घमेलं, एक नरसाळं, जुनी चिंधी, हातमोजे आणि ऑईलचा डबा. शंभर सीसीला साधारण पाऊण ते एक लिटर लागतं. नक्की माप, प्रत आणि किती किलोमीटरला बदलायचं ते गाडीच्या पुस्तकात असतं. दुकानदारापेक्षा पुस्तकाचं ऐका. कारचं ऑईल स्वस्त मिळालं तरी घालू नका. मोटारसायकलचा क्लच त्याच ऑईलमध्ये बुडालेला असतो, आणि कारच्या काही ऑईलमधल्या निसरड्या द्रव्यांनी तो सटकायला लागतो. डब्यावर ‘जासो एमए’ लिहिलेलं पाहा. गिअर नसलेल्या स्कूटरला बहुधा ‘एमबी’ सांगितलेलं असतं.

गाडी सपाट जागी, डबल स्टँडवर. इंजिन दोन-तीन मिनिटं सुरू ठेवायचं म्हणजे ऑईल पातळ होतं. मग बंद करून थोडं थांबायचं. फार गरम असताना हात घालू नका, सायलेन्सरने पोळतं. ओढणी, पदर खोचून घ्या. वरची ऑईलची टोपी सैल करा, हवा आत गेली की खालून धार नीट पडते.

आता बोल्ट. इथे पहिल्यांदा करणारीची गंमत होते. उघडायला डावीकडे फिरवायचं हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण ते बोल्टच्या डोक्याकडे तोंड करून बघितलं तर. हा बोल्ट जमिनीकडे तोंड करून असतो. वरून वाकून बघत डावीकडे फिरवलंत तर तो आणखी आवळला जातो. म्हणून मान खाली घाला, बोल्टचं डोकं दिसेल असं बघा आणि मग डावीकडे. शेवटचे आटे हाताने, बोल्ट वर दाबून धरत सोडवा आणि चटकन हात बाजूला घ्या.

ऑईल पूर्ण गळायला दहा-पंधरा मिनिटं द्या. काळा रंग बघून घाबरू नका. दुधाळ कॉफीसारखं दिसलं तर पाणी शिरलंय. चकचकीत चुरा जास्त दिसला तर आत काहीतरी झिजतंय. या दोन्ही वेळी गाडी मिस्त्रीला दाखवायची.

बोल्ट परत बसवताना आधी वायसर बघा, चेपलेला असेल तर नवा घाला. मग पाना न लावता, नुसत्या बोटांनी आटे बसवत जा. ते अडखळले तर काढून पुन्हा लावा. शेवटी पान्याने घट्ट करा, पण अंगाचा जोर लावू नका. बोल्ट लोखंडी, चेंबर अ‍ॅल्युमिनियमचा, मऊ. जास्त आवळलं की चेंबरचे आटे जातात आणि काही रुपयांच्या कामाचं मोठं बिल होतं. ‘बायकांना ताकद पुरत नाही’ म्हणणाऱ्यांना हे जरूर सांगा. हा बोल्ट खराब होतो तो बहुतेक वेळा जादा ताकदीने.

नवं ऑईल थोडं कमीच ओता. गाडी दोन मिनिटं सुरू करून बंद करा, जरा थांबा, पट्टी पुसून बघा. या गाडीत ती आटे न फिरवता नुसती टेकवायची असते. दोन खुणांच्या मध्ये, वरच्या खुणेजवळ ऑईल हवं. वरच्या खुणेच्या पलीकडे नको. तारीख आणि किलोमीटर डायरीत लिहा. दुसऱ्या दिवशी जमिनीवर डाग आहे का बघा. संपलं. मात्र नव्या गाडीची वॉरंटी चालू असेल तोवर कंपनीच्या सेंटरमध्येच करून घ्या आणि बिल जपा.

नाही, संपलं नाही. घमेल्यातल्या जळक्या ऑईलचं काय? गटारात, उकिरड्यावर, कुंपणाच्या कडेला ओतायचं नाही. ते जमिनीत मुरतं, विहिरीत जातं. २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांत वापरलेल्या ऑईलचा समावेश आहे. खेड्यात ते दाराच्या चौकटीला वाळवीसाठी लावतात, जनावराच्या कातडीला चोळतात. बांधकामावर सेंट्रिंगच्या प्लेटांना फासतात, आणि त्या प्लेटा पुसणारे, उचलणारे हात पुष्कळदा बायकांचे असतात, मोजे नसलेले. या ऑईलमध्ये कर्करोग करणारी द्रव्यं असतात, वर्षानुवर्षं कातडीला लागत राहिलं तर धोका खरा आहे. बांधकाम मजूर बायकांबरोबर काम करणाऱ्यांनी हा मुद्दा ठेकेदाराकडे मांडावा असं मला वाटतं. आपण काय करायचं? ऑईल आलं त्याच डब्यात परत भरायचं. पाण्याच्या बाटलीत कधीच नाही, पोरं पितात. चार गाड्यांचं साठवून, नोंदणीकृत गोळा करणाऱ्याला माल देणाऱ्या सर्व्हिस सेंटरमध्ये द्यायचं. तुम्ही ते कोणाला देता, हे त्यांना विचारायचं. हात साबणाने धुवायचे, पेट्रोलने नाही. आणि ती चिंधी सासूबाईंच्या धुण्यात टाकायची नाही.

‘यंत्र बाईला जमत नाही’ म्हणणाऱ्यांसमोर मला शिलाई मशीनच्या तेलाचा दाखला द्यायला आवडत नाही. घरातलंच उदाहरण दिलं की आपण घरातच राहतो. मी बांद्याचं देते. उत्तर प्रदेशातला बांदा जिल्हा. १९९० च्या दशकात महिला समाख्येच्या कामातून तिथल्या गावांतल्या, बऱ्याचशा दलित आणि अक्षरओळख नसलेल्या, बायका हातपंप दुरुस्त करायला शिकल्या. पंप बंद पडला की सरकारी मिस्त्रीची वाट बघायची, हे थांबलं. मग याच कामातून त्यांनी लिहा-वाचायला शिकवा अशी मागणी केली, आणि पुढे ‘महिला डाकिया’ नावाचं पत्रक निघालं. आधी पाना, मग पाटी.

तर आता बाहेर चला. गाडी झाडाखाली आहे, घमेलं आणलंय. ज्यांनी कधीच पाना धरला नाही त्या आधी पुढे या. ज्या दोघींनी हात वर केला होता त्यांनी आज फक्त बघायचं, हात लावायचा नाही.